पैसे आले, म्हणून काम खरं?

"मन्हा खातामा पैसा उनात ना भाऊ!" पिंपळनेरच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानात, एसटी स्टँडवर, कुठेही घरबसल्या कमाईचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. व्हिडिओ लाइक करायचं काम मिळालं, दीडशे रुपये खात्यात पडले. फसवणारा कशाला पैसे देईल? हा बिनतोड वाटणारा सवाल ऐकून ऐकून कान किटले. अहो, ही फसवणूक सुरूच होते ती पैसे देऊन.

तिचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: रोज अर्धा तास काम, घरबसल्या कमाई. 'हो' म्हटलं की तीन व्हिडिओ लाइक करून स्क्रीनशॉट पाठवायचा, किंवा गूगल मॅप्सवर एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायचे. जिथे आपण पाऊलही ठेवलेलं नाही, त्या हॉटेलातला नाश्ता उत्तम असतो असं बिनदिक्कत लिहायचं. लगेच दीडशे रुपये जमा. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ओढतात. तिथे 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. तेही खरोखर मिळतात. पुढे पाच हजार, मग तीस. ग्रुपमधले बाकीचे आपापल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि ते टोळीचेच असतात. एव्हाना बँकेत पैसे येणं थांबलेलं असतं. कुठल्याशा वेबसाइटवरच्या 'वॉलेट'मध्ये नुसता आकडा फुगत असतो. तो काढायला गेलात की टास्कमध्ये चूक निघते. ती दुरुस्त करायला पैसे, मग टॅक्सचे पैसे, मग गोठलेलं वॉलेट मोकळं करायचे पैसे. अडकलेली रक्कम सोडवायची म्हणून माणूस उधारउसनवारी करून भरत जातो.

माझ्या शब्दावर जाऊ नका. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा शंभरावर वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं. त्या निवेदनात हाच क्रम दिला होता. 'घर बैठे जॉब' अशा शब्दांनी जाहिराती करायच्या, आणि सावज कोण, तर निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण. म्हणजे आपल्या गावातलं जवळजवळ प्रत्येक घर.

आता त्या दीडशे रुपयांकडे बघा. ते कोणा कंपनीच्या खात्यातून येत नाहीत. बऱ्याचदा ते दुसऱ्या कुणाच्या तरी बुडालेल्या पैशांतले असतात आणि भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरत येतात. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत खात्यामागून खातं तपासतात, आणि बँक तुमचंही खातं गोठवू शकते. मग कांद्याचे आलेले पैसेही निघत नाहीत. ज्याला आपण कामाचा पुरावा म्हणून मिरवतो, तीच नोंद आपल्याला पोलीस ठाण्यापर्यंत नेते. 'तुमचं खातं वापरायला द्या, महिन्याला पाच हजार देतो' म्हणणारा तर सरळ गुन्ह्यातच ओढतो.

आणि साधा हिशेब तरी मांडा. व्हिडिओ हजार वेळा पाहिला गेला तरी मराठी चॅनेलवाल्याच्या हाती यूट्यूबकडून येणारी रक्कम बहुधा दोन आकडी असते. मग नुसत्या एका लाइकचे पन्नास रुपये कोण आणि का देईल? शिवाय विकतचे लाइक आणि खोटे अभिप्राय यूट्यूबला किंवा गूगललाही चालत नाहीत. हे काम अस्तित्वातच नाही.

दुसरा गैरसमज जरा जुना: काम हवं तर रजिस्ट्रेशनचे दोन-तीन हजार भरावेच लागतात. डाटा एन्ट्रीच्या नावाखाली हे चालतं. मोबाइलवर सही केलेला करारनामा, वाचता न येणारी पानं, नव्वद टक्क्यांच्या वर अचूकतेची अट. तुम्ही नापास होणार हे आधीच ठरलेलं. मग 'वकिलाचा' फोन: करार मोडलात, पन्नास हजार भरा, नाहीतर अटक. करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. फसवून करून घेतलेला करार ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द करता येतो, असं १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो. घाबरून भरलेला पहिला हप्ता मात्र पुढच्या दहा फोनना आमंत्रण देतो. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर आणि राज्याच्या महास्वयमवर उमेदवाराला नोंदणी मोफत आहे; काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही.

मग काय, सगळंच खोटं? तसंही नाही, आणि 'ऑनलाइन म्हणजे फ्रॉड' म्हणून हात झटकणाऱ्यांचाही मला कंटाळा येतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी ग्रामीण भारतातल्या, इंग्रजी-संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या लोकांना साध्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टाइप करायला दिले. दोन आठवड्यांच्या त्या प्रयोगात ९६.७ टक्के अचूकता आली. काम व्यावसायिक संस्थेच्या तोडीचं निघालं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात खेड्यातले, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं ध्वनिमुद्रित झालं. गरिबांचं रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांच्या बरोबरीचं ठरलं. त्यातूनच उभी राहिलेली 'कार्य' ही संस्था भारतीय भाषांच्या अशाच कामाचे पैसे देते. (सरकारच्या 'भाषिणी' या भाषाप्रकल्पाचं 'भाषादान' वेगळं; ते ऐच्छिक आहे, तिथे मोबदला नाही.) पण असं काम प्रकल्पापुरतं येतं, संपतं. त्यावर घर चालवायचा बेत करू नये.

टिकतं ते अंगात असलेलं कसब. परीक्षा परिषदेची मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली मुलगी युनिकोडमध्ये मजकूर टाइप करून मुद्रितशोधनही शिकली, तर प्रकाशक, छापखाने, अनुवादाची कामं असा रस्ता आहे. तो हळूहळू, ओळखीपाळखीतून सरकतो. गणिताची शिकवणी ऑनलाइन घेता येते, दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब ठेवता येतात. पहिल्या महिन्यात यातलं काहीच 'दिवसाला पाच हजार' देत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'यूट्यूब टाकलं की पैसे सुरू.' जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा वाजली, हे खरं. त्यामागे गायक, वादक, कॅमेरा आणि वर्षानुवर्षांची खटपट आहे.

'पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायचा.' पिन पैसे जाताना लागतो, घेताना कधीच नाही.

'माणसं जोडा, कमिशन घ्या, हे तर डायरेक्ट सेलिंग.' नुसती माणसं जोडण्याचे पैसे मिळत असतील तर ती साखळी योजना आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी तिला मनाई केली आहे.

'घरून केलेल्या कामाला टॅक्स नसतो.' असतो, उत्पन्न ते उत्पन्नच.

'एकदा पैसे गेले की तक्रार करून काय उपयोग?' सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती बरीच घटते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते किंवा पोलीस ठाण्यात जाऊन. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि तो टेलिग्रामचा ग्रुप मात्र रागाच्या भरात डिलीट करू नका.