स्क्रूजची वही आणि वऱ्हाडची पऱ्हाटी

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटेखानी कादंबरी नाताळची म्हणून ओळखली जाते, पण अकोला-अमरावतीकडच्या माणसाने ती दिवाळीत वाचावी. तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते, दही-भाताचा नैवेद्य दाखवून, म्हणजे सीतादही करून, वेचणी लागलेली असते आणि लक्ष्मीपूजनाला अडत्याच्या पेढीवर नव्या चोपडीला कुंकू लागते. या कादंबरीचा नायक स्क्रूजही चोपडीवालाच. तो कंजूष म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतो. सावकार म्हणून फारसा कुणाच्या नाही.

गोष्ट सुचली तीही कापडगिरण्यांच्या गावात. ५ ऑक्टोबर १८४३ रोजी डिकन्स मँचेस्टरच्या अथेनियम संस्थेत भाषणाला गेला होता. त्याच सुमारास कल्पना पक्की झाली असे मानतात. खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या पोरांवरचा सरकारी अहवाल वाचून तो आधीच अस्वस्थ होता. पत्रक काढण्याचा बेत सोडून त्याने गोष्ट लिहिली, सहा आठवड्यांत हातावेगळी केली. १९ डिसेंबरला पुस्तक आले आणि नाताळपर्यंत ६,००० प्रती खपल्या. किंमत ५ शिलिंग. कथेतला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंग मिळवतो, म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला त्याचे दोन दिवस गेले असते!

धर्मादाय मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो, तुरुंग आणि वर्कहाउसे बंद पडली का? हा टोमणा १८३४च्या गरिबांच्या कायद्यातून आलेला आहे. मदत हवी तर वर्कहाउसात या, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही हलके ठेवायचे, असे ते तत्त्व. तेच पुढे आपल्याकडे आले. १८७७च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपलने मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर मजुरी बेतली ती दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने. अर्धा किलोसुद्धा नाही.

वऱ्हाडाचा आणि मँचेस्टरचा संबंध या सुमारास घट्ट झाला होता. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. पैसा आला, आणि त्याच्यामागोमाग कर्जही. कपाशी पोटाला खाता येत नाही, हे १८९९-१९००च्या दुष्काळात कापसाच्या या प्रांताला चांगलेच कळले.

म्हणून मला कादंबरीतला एक प्रसंग सर्वांत वऱ्हाडी वाटतो. स्क्रूज मेला तर काय होईल, हे त्याला पालटायला आलेल्या भुतांपैकी एक त्याला दाखवते. कॅरोलाइन नावाची बाई नवऱ्याची वाट पाहत असते. तो आठवडाभराची मुदत मागायला सावकाराकडे गेलेला. परततो तो सावकार मेल्याची बातमी घेऊन. बाई आधी हरखते, मग लाजते. कर्ज आता कुणाकडे जाईल? ठाऊक नाही, पण तोवर पैसे जमतील, आणि नवा धनी याच्याइतका निर्दय थोडाच असेल? १८२४ साली बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेला आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूट-पॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले, त्या लेखकालाच हे सुचावे.

आणि तरीही शेवटी स्क्रूज पालटतो, क्रॅचिटकडे टर्की धाडतो, पगार वाढवतो, पण कॅरोलाइनच्या कर्जाचा शब्द नाही. सावकाराला पाझर फुटला की डिकन्सची गोष्ट संपते.

गाडगेबाबांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. ते मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामांकडे वाढले आणि मामांची शेती सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते ऋणकोलाच सुनावत राहिले: कर्ज काढून सण करू नका. डिकन्सने सणाला हात सैल सोडायला सांगितले, बाबांनी आवळायला. माझा कौल बाबांना. मात्र एकदा वहीत नाव चढले की नुसती काटकसर पुरत नाही, हेही खरे.

त्यासाठी तिसरा माणूस लागला, तोही वऱ्हाडातलाच, अमरावती जिल्ह्यातला. पापळचे पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मंत्री असताना कर्ज लवादासाठी खटपट करत होते. १९३३मध्ये तो कायदा झाला. सावकाराने लवाद मंडळापुढे आपले येणे मांडायचे आणि तडजोडीला बसायचे, अशी त्याची रीत. भुतांची वाट पाहायची गरज त्यात नव्हती.