खेळाडूंचे पेय : चव कोणती, पारख कशी?

एप्रिल महिन्यातील सायंकाळ. पाच वाजून गेले तरी शिवाजी पेठेतील गांधी मैदानावरचे ऊन निवळलेले नसते. ज्या जागी एकेकाळी वरुणतीर्थ नावाचे तळे होते, त्याच जागी आता घसा कोरडा पडलेली मुले चेंडूमागे धावत असतात. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांच्या अभिमानाचा विषय आहे. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम ही नावे शाहू स्टेडियमवर घुमू लागली की दुकानाच्या गादीवर बसलेल्यांचेही कान तिकडे लागतात. हंगाम थंडीत सुरू होतो. परंतु स्पर्धा लांबत लांबत कडक उन्हाळ्यात येऊन पोहोचतात, आणि तेव्हा पारा ३७-३८ अंशांच्या घरात असतो.

सराव आटोपला की मुले जवळच्या दुकानाकडे वळतात. फ्रीजच्या काचेआड रांगेने बाटल्या उभ्या असतात. एक नारिंगी, एक लिंबाच्या रंगाची, एक निळी. निळ्या रंगाचे फळ कोणते, हे मात्र कोणी विचारत नाही. ‘कोणती घेऊ?’ हा मुलाचा प्रश्न असतो. ‘यात नेमके असते तरी काय?’ हा आईचा. आणि घर व्यापाऱ्याचे असेल तर आजोबांचा तिसरा प्रश्न ठरलेला : हा माल आपल्या दुकानात ठेवावा काय, आणि ठेवला तर गिऱ्हाइकास काय सांगावे?

चवीचा प्रश्न वरवरचा वाटतो. पाणी ते पाणी, त्यास चव कशाला, असे वडीलधारी म्हणतात. आणि घरात बसलेल्या माणसापुरते ते खरेही आहे. परंतु उन्हात खेळणाऱ्या मुलाची तहान फसवी असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बोझेना विल्क आणि ओडेड बार-ओर या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना ३५ अंश तापमानात आलटून पालटून सायकल चालवावयास व विश्रांती घ्यावयास सांगितले, आणि हवे तेवढे पिण्याची मुभा दिली. एकदा साधे पाणी, एकदा द्राक्षाची चव दिलेले पाणी, आणि एकदा तीच चव, पण त्यात थोडे मीठ व साखर. साधे पाणी मुले गरजेपेक्षा कमी प्याली. केवळ चव मिळताच पिण्याचे प्रमाण जवळजवळ दीडपट झाले, आणि मीठ-साखर येताच जवळजवळ दुप्पट. पाणी तिन्ही वेळा समोरच होते. कमी होती ती पिण्याची इच्छा. चवीचे खरे काम हेच. ती एका घोटानंतर दुसरा घोट घ्यावयास लावते.

या पेयांचा इतिहासही चवीपाशीच येऊन थांबतो. १९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ‘गेटर्स’ नामक संघासाठी पाणी, क्षार व साखर यांचे मिश्रण सिद्ध केले. शास्त्र बरोबर होते, पण पेय घशाखाली उतरेना. तेव्हा केड यांच्या पत्नी मेरी यांनी त्यात लिंबाचा रस घालण्याची सूचना केली, असे सांगितले जाते. त्यातूनच ‘गेटोरेड’ हे जगभर पोहोचलेले नाव जन्मास आले. प्रयोगशाळेत न सुटलेले कोडे स्वयंपाकघरातील लिंबाने सोडवले, हे आपल्याकडील गृहिणींना मुळीच नवल वाटणार नाही.

आता बाटलीच्या पोटात शिरू. अशा पेयात साधारण सहा टक्के साखर असते; म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, सहा ते सात चमचे. सोडियम प्रतिलिटर ४०० ते ५०० मिलिग्रॅमच्या आसपास. उलट एक लिटर घामातून व्यक्तीपरत्वे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम निघून जाते. थोडक्यात, घामाची भरपाई हे पेय अंशतःच करते. उरलेले मीठ रात्रीच्या जेवणाऐवजी, आपल्या घरांतून, सायंकाळच्या जेवणातून येते. खेळ एका तासाहून कमी असेल तर निरोगी मुलास साधे पाणी पुरते. दुकानात पंख्याखाली बसून हिशेब करणाऱ्या माणसाने हे पेय रोज पिणे म्हणजे केवळ साखर पिणे होय. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना त्याच्या वाटेस जाऊ नये.

येथे दुकानदारांच्या दृष्टीने एक गोष्ट विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. उलट्या-जुलाबांनी मलूल झालेल्या बाळासाठी एखादी आई घाईने दुकानात येते आणि ‘ताकद येणारे काही द्या’ म्हणते. तिच्या हाती खेळाडूंचे पेय किंवा फळाच्या चवीचा डबा देणे ही गंभीर चूक ठरते. जुलाबातील जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, ही निराळी वस्तू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्या एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. खेळाच्या पेयाशी ताडून पाहता साखर चौथाईहून कमी आणि सोडियम तिप्पट-चौपट. जास्त साखरेचे पेय आतड्यात पाणी ओढून घेते व जुलाब वाढवू शकते. तरीही कित्येक वर्षे गोड पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुना साठा कोणाच्या फळीवर उरला असेल तर तो उतरवावा, आणि त्या आईस सरळ औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवावा. विक्री एका डब्याने कमी होईल, एवढेच.

बाटलीखेरीज पर्याय नाहीत काय? कोल्हापुरात तरी असा प्रश्न पडू नये. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची आपली रीत आहे. त्या वाटीत साखरेचा भाग होता, पोटॅशियमही थोडे होते. उणीव होती ती मिठाची व आंबटाची. एक लिटर गाळलेल्या पाण्यात ४० ग्रॅम कोल्हापुरी गूळ विरघळवून गाळून घ्यावा, पाव चमचा मीठ व दोन लिंबांचा रस मिसळावा. साखर चार टक्क्यांच्या आसपास राहते आणि सोडियम बाजारातील बाटलीहून थोडे अधिकच पडते. गूळ नको असेल तर तेवढीच साखर चालते. घाटाखालून येणाऱ्या कोकमाचा आंबटपणा लिंबाची जागा उत्तम घेतो.

रसवंतीगृहातील उसाचा रस मात्र या कामाचा नव्हे. त्यात साखर दहा टक्क्यांहून बरीच जास्त असते. असे दाट गोड पेय पोटात रेंगाळते आणि धावताना मळमळ आणते. खेळ संपल्यावर अर्धा पेला प्यावयास हरकत नाही. शहाळ्याचे पाणी हलके व रुचकर असते. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून चिमूटभर मीठ टाकावे. मीठ-जिऱ्याचे पातळ ताक सराव संपल्यावर उत्तम, मात्र सामन्याच्या मध्यंतरात नको.

आणि तालमीची थंडाई? बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे कुंडीत रगडून सिद्ध केलेल्या या पेयाशिवाय कोल्हापूरच्या कुस्तीचे वर्णन पुरे होत नाही. येथे एक गैरसमज दूर व्हावा. थंडाई हे तहान भागवण्याचे पेय नसून मेहनतीनंतरचा आहार आहे. पैलवान ती जोर-बैठका संपल्यावर घेतो, हौद्यात उतरण्यापूर्वी नव्हे, आणि त्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे. स्निग्धांशामुळे ती पोटातून सावकाश पुढे सरकते. दुधाविषयी तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात असे आढळले, की दूध प्याल्यानंतर शरीर साध्या पाण्यापेक्षा अधिक काळ पाणी धरून ठेवते. गंगावेशीत सायंकाळी दुधाचा पेला रिचवणाऱ्या पैलवानास हे कोणी सांगावयास नको होते.

चव निवडण्याची जागा कोणती, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. दुकानाच्या काउंटरवर, थंड सावलीत, एका घोटात जी चव मोहक वाटते, तीच साठाव्या मिनिटास चिकट व नकोशी वाटू लागते. श्रमाने तापलेल्या शरीरास सौम्य गोडी, किंचित आंबटपणा आणि थोडा खारटपणा आवडतो. म्हणून पारख मैदानावर करावी. दोन चवी घरी सिद्ध कराव्यात, एक लिंबाची व एक कोकमाची. सरावाच्या अर्ध्या वेळेनंतर मुलास दोन्ही द्याव्यात, आणि कोणती बाटली अधिक रिकामी झाली ते पाहावे. मुलाचे मत विचारूच नये. बाटली खरे सांगते. पेय फार गार नसावे. माठातील पाण्याइतका गारवा पुरे, बर्फाने घोट लहान होतात. एकच चव महिनोन् महिने दिली तर तिचाही वीट येतो, तेव्हा आलटून पालटून द्यावी. आंबट-गोड पेयाने दातांचे कवच झिजते, म्हणून बाटली तोंडात धरून चघळत बसू नये आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ भरावी.

किती प्यावे, याचे उत्तर व्यापारी घरात हाताशीच असते : वजनकाटा. सरावापूर्वी व सरावानंतर, घाम पुसून, मुलाचे वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. ५० किलो वजनाच्या मुलाचे एक किलोहून अधिक वजन घटले, तर तो शरीराच्या दोन टक्क्यांपलीकडे गेला, आणि तेथून दम व लक्ष दोन्ही ढळू लागतात. वजन उलट वाढले असेल तर तो गरजेपेक्षा जास्त पाणी प्याला. दीर्घ श्रमात नुसत्या पाण्याचा असा अतिरेक रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतो. पुढील काही तासांत झालेल्या घटीच्या दीडपट पेय हळूहळू घ्यावे, असा क्रीडावैद्यकाचा दंडक आहे.

आणि येथेच चौविहार पाळणाऱ्या घरांची खरी अडचण उभी राहते. कोल्हापुरात डिसेंबरात सुमारे सहा वाजता सूर्यास्त होतो, मे महिन्याच्या अखेरीस सातच्या सुमारास. सराव साडेसहास संपला तर हिवाळ्यात घटीची भरपाई दुसऱ्या दिवसावर जाते. मुलगा संकोचाने काही बोलत नाही, प्रशिक्षकास कल्पना नसते, आणि रात्री डोके जड होऊन तो झोपतो. उपाय साधे आहेत, पण ते आधी योजावे लागतात. प्रशिक्षकास नियम स्पष्ट सांगावा. बहुतेक जण आदराने ऐकतात. सरावाआधी तीन-चार तास ५० किलोच्या मुलाने २५० ते ३५० मिलिलिटर पेय घ्यावे, दर वीस मिनिटांनी काही घोट घ्यावेत, आणि सूर्यास्तापूर्वी थोडे खारट काही खावे, कारण मीठ पाणी धरून ठेवते. सकाळचा सराव अधिक सोयीचा वाटतो. मात्र नवकारसी करणाऱ्याने सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे जाऊ देऊनच मैदान गाठावे. उपवासाच्या दिवशी उन्हातील सराव सोडावा. संघ एक दिवस वाट पाहील.

वेष्टनावरील हिरव्या चिन्हाविषयीही सावध असावे. कायद्यानुसार मध हा मांसाहारी पदार्थांत गणला जात नाही, त्यामुळे ‘हनी-लेमन’ चवीच्या पेयावर हिरवे चिन्ह निर्वेधपणे असू शकते. परदेशातून आणलेल्या लाल-गुलाबी भुकटीत आयएनएस १२०, म्हणजे किड्यांपासून काढलेला कार्माइन रंग, आहे काय ते पाहावे. चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. ‘जिंजर’ असे लिहिलेले पेय कंदमूळ न खाणाऱ्यांनी टाळावे, घरी सुंठेची चिमूट टाकता येते. नारिंगी व निळे रंग बहुधा कृत्रिमच असतात. त्यांचा तहानेशी काही संबंध नाही. भुकटीचे पाकीट बाटलीपेक्षा एका बाबतीत सरस : पाणी आपल्या घरचे, आपल्या हाताने गाळलेले, हवे तर उकळलेले असते.

घरी केलेले पेय त्याच दिवशी संपवावे. उरलेले फेकावे, आणि बाटलीचे झाकण व त्याची रबरी चकती उघडून गरम पाण्याने धुवावी. गोड पेयाचा वास तेथेच दडून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी मूल न पिण्याचे कारण बहुतेक वेळा चव नसून तो वास असतो.