हरवलेली फाइल जाते कुठे?

आबिड्सच्या रस्त्यावर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे पुष्कळदा असे पुस्तक हाती येते की, ज्याची अनुक्रमणिका फाटून गेली आहे, परंतु आतली पाने जशीच्या तशी आहेत. संगणकातील हरवलेल्या फाइलीची अवस्था बहुधा अशीच असते. आणि ही गोष्ट ज्याला उमगली, तो घाबरून नको ते करून बसत नाही.

त्याच परिसरातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजोबांनी १९४८ सालच्या पोलीस कारवाईपर्यंतच्या आपल्या आठवणी संगणकावर टंकित करून ठेवल्या होत्या. पुढे जागा अपुरी पडू लागली, म्हणून नातवाने नवा ड्राइव्ह आणून सारे फोल्डर तिकडे हलविले. आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तीच फाइल सापडेना. तिची दुसरी प्रत नाही, आणि पुन्हा सांगायला आजोबाही आज हयात नाहीत.

'हलविणे' हा शब्दच थोडा फसवा आहे. एकाच ड्राइव्हवर फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात नेली, तर ती मुळी जागची हलतच नाही. अनुक्रमणिकेत तिचा पत्ता तेवढा बदलतो. दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना मात्र यंत्र आधी नक्कल उतरविते आणि मग मूळ प्रत काढून टाकते. ही काढलेली प्रत रिसायकल बिनमध्येही जात नाही, तेव्हा तेथे शोधण्यात अर्थ नाही.

पुष्कळ वेळा फाइल हरवलेलीच नसते. माऊस हातून निसटतो आणि ती शेजारच्या फोल्डरात जाऊन पडते. चूक ताजी असेल तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबताच ती परत येते. वर्डमधील अलीकडच्या फाइलींची यादी जुनाच पत्ता धरून बसते. तेथून फाइल उघडली नाही, याचा अर्थ ती जुन्या पत्त्यावर नाही, एवढाच. बिऱ्हाड बदलले म्हणजे माणूस नाहीसा होत नाही!

शोध घेताना मराठी माणसापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा फाँटांत टंकित होत असे. पडद्यावर अक्षरे मराठी दिसत. पण यंत्राच्या लेखी ती दुसरीच चिन्हे असत. म्हणून 'रझाकार' हा शब्द घालून शोधले, तर आजोबांची फाइल समोर असूनही यंत्र 'नाही' म्हणेल. ती उघडली आणि तो फाँट नव्या संगणकावर नसला, तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसेल. आणि फाइल बिघडली असे समजून कोणी ती पुसूनही टाकील. अशा वेळी मजकुरावरून न शोधता फाइलीच्या प्रकारावरून व शेवटच्या फेरफाराच्या तारखेवरून शोधावे. नक्कल होताना निर्मितीची तारीख नवी पडते, पण फेरफाराची तारीख सहसा जुनीच राहते.

एवढे करूनही यश आले नाही, तर जुन्या ड्राइव्हवर काहीही नवे लिहू नये. पुसलेल्या फाइलीची जागा 'मोकळी' अशी नोंदली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच असतो. मायक्रोसॉफ्टने २०२० साली 'विंडोज फाइल रिकव्हरी' हे विनामूल्य साधन दिले. तेही सापडलेली फाइल दुसऱ्या ड्राइव्हवरच उतरविते. मात्र एसएसडी जातीचा ड्राइव्ह मोकळी जागा स्वतःच लवकर साफ करतो. तेथे आशा फार थोडी.

म्हणून फोल्डर हलवू नये, त्याची नक्कल करावी. दोन्हीकडच्या फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या व एकूण बाइट जुळतात का ते पाहावे, चार जुन्या फाइली उघडून वाचाव्यात, आणि त्यानंतरही जुना ड्राइव्ह महिनाभर कपाटात तसाच राहू द्यावा.