रंगाची तक्रार कुठे नोंदवायची?

मार्च 2025 मध्ये केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी फेसबुकवर एक मजकूर लिहिला. त्यांच्या आधी याच पदावर त्यांचे पती व्ही. वेणू होते. दोघांच्या कारकिर्दीची तुलना करताना कुणीतरी म्हणालं होतं, की त्यांची जितकी गोरी तितकीच यांची काळी. मुरलीधरन यांनी ते जाहीर केलं, प्रतिक्रियांचा लोट पाहून मजकूर काढून टाकला आणि मग पुन्हा, अधिक सविस्तर लिहिला. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, की मला परत पोटात घालून गोरी करून बाहेर काढता येईल का? राज्याच्या प्रशासनात याहून मोठी खुर्ची नाही. तिथवर पोचलेल्या बाईलाही रंगावरून बोलणारा माणूस भेटतो, म्हणजे शिक्षण, हुद्दा, कर्तबगारी यांतलं काहीही या बोलण्याला आवर घालत नाही.

या विषयावर आपल्याकडे बोलणं निघालं, की उपदेश बहुधा मुलीलाच केला जातो. स्वतःवर प्रेम कर, आत्मविश्वास ठेव, लोकांकडे लक्ष देऊ नकोस. सांगणाऱ्यांच्या मनात आपुलकी असते, पण सगळी दुरुस्ती मुलीच्या मनात करायची आणि बोलणारे, नाकारणारे, विकणारे होते तिथेच राहणार, असा या सल्ल्याचा अर्थ होतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव मला वेगळं सांगतो. रंगाच्या प्रश्नात जे थोडंफार हललं, ते बायकांनी मनातलं दुखणं तक्रार म्हणून मांडलं आणि ती तक्रार नेमक्या दारात नेऊन ठेवली तेव्हा हललं.

'फेअर अँड लव्हली' हिंदुस्तान लिव्हरने 1975 मध्ये बाजारात आणली. आपल्या घरांत तोवर डाळीचं पीठ, साय आणि हळद होती, गरोदर सुनेसाठी केशराचं दूध होतं. गोरेपणाची हौस कंपनीने जन्माला घातली नाही. कंपनीने तिला नोकरी जोडून दिली. एका गाजलेल्या जाहिरातीत निवृत्त बाप मुलगा नसल्याची खंत करतो, सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते आणि हवाई सुंदरी होऊन बापाला हॉटेलात नेते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींबद्दल आधी कंपनीला लिहिलं. तिथे दाद लागली नाही म्हणून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे धाव घेतली, आणि तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयापर्यंत गेली. केबल टीव्हीच्या कायद्याखाली नोटिसा निघाल्या आणि 2003 मध्ये दोन जाहिराती पडद्यावरून गेल्या. पुढे 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक, लग्नात किंवा नोकरीत मागे पडलेली असं दाखवता येणार नाही. संघटनेच्या पत्रव्यवहाराचा विजय कुणी साजरा केला नाही, पण टीव्हीसमोर बसलेल्या लाखो मुलींच्या डोळ्यांपुढून निदान तो बाप बाजूला झाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कुणाला काय आवडावं हे खासगी आहे, आवडीनिवडीवर कायदा कसा करणार? एकाची आवड ही आवडच असते, हे मान्य. पण हजारो घरांची आवड एकाच दिशेला झुकते आणि तिच्यावर हुंड्याचा आकडा ठरतो, तेव्हा तिला बाजारभाव म्हणावं लागतं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या 'आनंदबाजार पत्रिके'तल्या विवाहविषयक जाहिराती आणि त्यांना आलेली पत्रं तपासली. त्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जातीची अट सर्वांत घट्ट निघाली, आणि वधूच्या बाबतीत उजळ रंगाला पसंती मिळत असल्याचंही दिसलं. आपल्याकडच्या 'नाकीडोळी नीटस, पण रंगाने जरा डावी' या वाक्यातला 'पण' बोलणीच्या बैठकीत रुपयांत मोजला जातो. हुंड्यापुढे आणि जातीपुढे रंगाचा प्रश्न किरकोळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की तो त्या दोन्हींच्या आत बसलेला आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, की हे सारं इंग्रजांनी शिकवलं. गोऱ्या राज्यकर्त्यांनी रंगाला सत्तेची जोड दिली, यात शंका नाही. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी तर नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड वंशाशी जोडू पाहिली. या मांडणीला आपल्याकडूनच भक्कम उत्तर दिलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या 1946 च्या ग्रंथात गोऱ्या आर्यांनी काळ्या दासांना जिंकलं ही कथा अमान्य केली, आणि दोन वर्षांनी अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात मोजमापांचेच आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत हे दाखवलं. आता जनुकशास्त्रही जवळपास तिथेच येतं. युरोपियनांच्या उजळ त्वचेमागचा एक महत्त्वाचा जनुकीय बदल दक्षिण आशियातही आढळतो आणि दोन्हीकडे त्याचं मूळ एकच आहे, असं 2013 च्या एका संशोधनात दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्यात होते. एकाच घरात एक बहीण गोरी आणि दुसरी सावळी का, हे त्यामुळे नीट समजतं. रंगावरून जात ओळखता येत नाही. तरीही 'आमच्यातली वाटत नाही' असं सावळ्या मुलीला ऐकवलं जातं आणि गोऱ्या दलित मुलीला 'तुमच्यातली वाटत नाहीस' म्हणून शाबासकी दिली जाते. हा अपमान दोघींचा आहे, आणि त्याचं सगळं खापर इंग्रजांच्या माथी फोडून सुटका होत नाही.

क्रीम म्हणजे लिपस्टिकसारखंच प्रसाधन, लावलं तर बिघडलं काय, असंही विचारतात. बिघडतं ते मूत्रपिंड. पाऱ्याचे क्षार त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून स्वस्त आणि बिनबोभाट विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये पारा घालतात आणि तो त्वचेवाटे रक्तात जातो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडाचा विकार मुंबईच्या केईएम रुग्णालयात अशाच क्रीमपर्यंत जाऊन पोचला. त्याच वर्षी केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले. पाकिस्तानात 2019 मध्ये तेव्हाच्या हवामान बदल राज्यमंत्र्यांनी सांगितलं, की तपासलेल्या 59 क्रीमपैकी 56 मध्ये पारा मर्यादेपेक्षा जास्त आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या मलमांनी चेहरे पातळ, लाल करून ठेवले ते वेगळंच. अखेर 2018 मध्ये केंद्राने अशा अनेक मलमांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले. मोठ्या कंपन्यांच्या डब्यांत पारा नसतो, हे खरं. पण त्यांनी वाढवलेल्या हौसेवरच हा बेनामी माल खपतो.

जून 2020 मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं आंदोलन पेटलं होतं. डॅलसमधल्या एका भारतीय वंशाच्या बाईंनी शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळं निवडण्याची जी सोय होती तिच्याविरुद्ध ऑनलाइन अर्ज फिरवला, आणि ती सोय तातडीने काढण्यात आली. त्याच महिन्यात 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' शब्द सोडण्याची घोषणा झाली आणि जुलैत 'ग्लो अँड लव्हली' आली. नाव बदलणं पुरेसं नाही हे उघड आहे, कारण फळीवर आता उजळपणा 'ग्लो' आणि 'ब्राइटनिंग' म्हणून मांडलेला असतो. मराठी मालिकांचीही तीच गत. 'रंग माझा वेगळा' आणि 'सावळ्याची जणू सावली' या दोन्हींनी सावळ्या नायिकेचं दुःख घरोघरी पोचवलं, पण नायिका सावळी दिसते ती मेकअपने. ज्या भाषेने स्मिता पाटील यांचा चेहरा दूरदर्शनच्या बातम्यांमध्ये पाहिला, तिथे या भूमिकेसाठी सावळी अभिनेत्री मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग मन बदलू पाहणाऱ्या मोहिमा निरुपयोगी का? नाही. चेन्नईच्या कविता इमॅन्युएल यांनी 2009 मध्ये 'डार्क इज ब्युटिफुल' सुरू केली, अभिनेत्री नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. पाकिस्तानात फातिमा लोधी यांनी 'डार्क इज डिव्हाइन' उभी केली. आपल्याला जे सोसावं लागलं ते आपलं नशीब नव्हतं, हे मुलींना याच मोहिमांतून कळलं, आणि ते कळल्याशिवाय कुणी तक्रार करत नाही. पण तक्रार ऐकणारी यंत्रणा कुठे आहे? डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या ग्राहक मंचाने इमामीला 'फेअर अँड हँडसम'च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 14.5 लाख रुपयांचा दंड ठोठावला. तक्रारदार पुरुष होता. 79 रुपयांच्या क्रीमने गोरेपणा आला नाही, ही त्याची तक्रार कायद्याच्या चौकटीत नेमकी बसली. सावळी म्हणून रोज ऐकवलं जातं, ही बाईची तक्रार मात्र न्यायाधीशागणिक वेगळी ठरते. 2023 मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने बायकोला रंगावरून हिणवणाऱ्या नवऱ्याला घटस्फोट नाकारला आणि गोऱ्या रंगाच्या हव्यासाला उत्तेजन देता येणार नाही असं म्हटलं. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या 1995 च्या एका प्रकरणात विहिरीत जीव दिलेल्या तरुणीच्या नवऱ्याची शिक्षा रद्द केली. काळ्या रंगावरून टोमणे आणि दुसरं लग्न करण्याची धमकी हा घरगुती भांडणाचा भाग आहे, फौजदारी अर्थाने छळ नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. पुढच्याच महिन्यात राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या न्यायालयाने एका नवऱ्याला फाशी सुनावली. रंगावरून बायकोला हिणवणाऱ्या त्या माणसाने, गोरं होण्याचं औषध म्हणून तिच्या अंगाला द्रव लावला आणि तिला पेटवलं.

प्रत्येक टोमणा गुन्हा ठरवा, असं कुणी म्हणत नाही. आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा सिद्ध करायला पुरावा कडकच हवा. पण बाई जिवंत असताना, टोमण्यांच्या टप्प्यावर, तिला संरक्षण मागता आलं पाहिजे, आणि त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या आहे. अपमान, हेटाळणी, शिवीगाळ हे सांगून झाल्यावर त्या व्याख्येत मूल किंवा मुलगा नसल्याबद्दलच्या टोमण्यांचा वेगळा, नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. या देशातल्या घरांत बाईला काय ऐकावं लागतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं म्हणूनच तो उल्लेख आला. त्याच ओळीत रंगाचाही उल्लेख घाला, ही मागणी महिला संघटनांनी, महिला आयोगाने आणि आपल्या खासदारांनी आता लेखी करायला हवी.