बेट एक, सण सगळ्यांचे

मॉरिशसमध्ये गुढीपाडव्याला सरकारी सुट्टी असते. कॅलेंडरवर ती तेलुगू समाजाच्या उगादीच्या नावाने छापलेली असते, पण दिवस तोच. त्यामुळे तिथल्या मराठी घरांनाही गुढी उभारायला रजा टाकावी लागत नाही.

मुख्य बेटाचा आकार गोव्याच्या साधारण निम्मा. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. त्यात हिंदू जवळपास निम्मे, ख्रिस्ती सुमारे एक तृतीयांश, मुस्लिम साधारण 17 टक्के आणि शिवाय चिनी वंशाची मंडळी. वर्षभराच्या मोजक्या सुट्ट्यांत सगळ्यांचे सण बसवायचे म्हणजे कसरतच. कॅथलिकांच्या दोन सणांवर तिथे एक सुरेख तोडगा निघाला आहे. एका वर्षी मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, तर पुढच्या वर्षी सर्व संतांच्या दिवसाची. दोन्ही सणांना आळीपाळीने मान!

सोळा पायऱ्या

2 नोव्हेंबरलाही सुट्टी असते. 1834 साली याच तारखेला ‘अॅटलास’ जहाजातून भारतीय गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. ती 36 माणसांची होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक मजूर या बेटावर आले. बंदरातल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढूनच गिरमिटियांचं नवं आयुष्य सुरू व्हायचं. 2006 मध्ये या घाटाला युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. 1 फेब्रुवारीची सुट्टी गुलामगिरी संपल्याची, साल 1835. त्या दिवशी ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी लोक जमतात, कारण मालकांच्या तावडीतून निसटलेले गुलाम या डोंगराच्या कड्याकपारीत आसरा घेत. सणांच्या यादीत आपल्या पूर्वजांच्या हालांनाही जागा ठेवणारा हा देश मला त्यामुळेच फार जवळचा वाटतो.

स्वप्नातली गंगा

ग्रां बासें हा डोंगरावरचा तलाव, ज्वालामुखीच्या मुखात साठलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तलावाचं पाणी थेट गंगेतून येतं. गोष्ट कानोकानी पसरली आणि लोक पायी निघाले. 1972 साली गोमुखाहून आणलेलं गंगाजल तलावात ओतण्यात आलं आणि त्याचं नाव झालं गंगा तलाव. महाशिवरात्रीच्या आधी काही दिवस बेटाच्या कानाकोपऱ्यातून पांढऱ्या कपड्यांतले भाविक तिकडे चालू लागतात. खांद्यावर कांवर असते. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, फुलं, छोटे आरसे. रस्त्याच्या कडेला सरबत, फळं, जेवण घेऊन माणसं उभी असतात, आणि त्यांत इतर धर्मांचेही लोक असतात. तलावाच्या वाटेवर 108 फुटी शंकर उभा आहे आणि त्याच्यासमोर तेवढीच उंच दुर्गा.

थायपूसम कावडीच्या सणाला तमिळ भाविक दहा दिवसांचा उपास करून जिभेत, गालात, पाठीत सुया टोचून घेतात आणि फुलांनी मढवलेली कावडी खांद्यावर घेऊन मंदिरापर्यंत चालतात. सोबत दुधाचा तांब्या असतो. भर उन्हातून चालूनही दूध नासलं नाही, तर देव पावला! तिथले तमिळ अग्नीवरूनही चालतात. त्या सणाचं नाव तीमिती.

डॉक्टरची समाधी

8 सप्टेंबरच्या रात्री पोर्ट लुईच्या सेंट-क्र्वा भागाकडे माणसांची रीघ लागते. तिथे फादर लावाल यांची समाधी आहे. फ्रान्समधला हा डॉक्टर पुढे पाद्री झाला आणि 1841 मध्ये मॉरिशसला आला. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये काम करायचं म्हणून त्यांची क्रिओल भाषा शिकला. 9 सप्टेंबर 1864 रोजी फादर लावाल यांचं निधन झालं. समाधीवर हात ठेवून नवस बोलणाऱ्यांत कॅथलिक असतात, तसे हिंदू आणि मुसलमानही असतात.

ताट फिरतं

दिवाळीचा खास पदार्थ म्हणजे गातो पातात. रताळी उकडून, कुस्करून त्यात मैदा मळायचा, पुरी लाटायची, आत ओल्या खोबऱ्याचं वेलची घातलेलं सारण भरायचं, दुमडून तळायचं. झाली रताळ्याची करंजी! ताटं शेजारी जातात, मग शेजारी चर्चला जाणारा असो की मशिदीत. ईदला शेवया आणि बिर्याणी उलट्या दिशेने येतात. चिनी नववर्षाला तांदळाच्या पिठाचा मेणासारखा तुकतुकीत केक वाटला जातो. तमिळ घरात केळीच्या पानावर सात भाज्या मांडल्या जातात.

नाताळ मात्र ऐन उन्हाळ्यात. गुलमोहर पेटलेला, बाजारात लिचीच लिची. किनाऱ्यावर सेगा रंगतो. रावान हे बकऱ्याच्या कातड्याचं डफासारखं वाद्य आधी शेकोटीवर तापवतात, मगच त्याचा सूर लागतो. गुलामांच्या वेदनेतून जन्मलेलं सेगा हे नृत्यगीत 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

आणि आपला बाप्पा

गणेशोत्सव तिथे 1896 पासून साजरा होतो. म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवानंतर अवघ्या तीन वर्षांनी! सुरुवात झाली ती हेन्रिएटा गावात. आज गणपतीची राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि मॉरिशसची सुट्टी 20 ला. दीड दिवसाचा गणपती ठेवणाऱ्या कोकण्याला यामागचं कारण सांगायला नको. मूर्ती नदीत किंवा समुद्रात जाते, आणि निरोपाला मराठी नसलेलीही बरीच गर्दी असते.

या उत्सवाचा खरा ठेवा म्हणजे झाकरी. कोकणातला जाखडी नाच, बाल्या नाच म्हणतात तोच. मध्ये ढोलकी-झांजवाले, भोवती फेर. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणी मजुरांनी तो बरोबर नेला आणि ऊसमळ्यांच्या कष्टांत जपला. बोलण्यात क्रिओल आली, पण झाकरीची गाणी मराठीच राहिली. जाखडीवर, दशावतारावर काम करणाऱ्या आपल्या संस्थांनी या मंडळींना कोकणात बोलवायला हवं, आणि आपले संच तिकडे न्यायला हवेत.

मॉरिशसचं तिकीट काढणार असाल, तर आधी पंचांग उघडा. गणपतीत गेलात, तर एक दिवस समुद्रकिनारा सोडून कास्कावेल किंवा हेन्रिएटा या गावांच्या बाजूला जा आणि झाकरी कुठे आहे ते विचारा.