रिपोर्ट नॉर्मल, मुलगी मात्र आडवी

नववीतली मुलगी. सकाळी उठली की चक्कर, प्रार्थनेला उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी, संध्याकाळी पार गळून गेलेली. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले, फाइल जाड झाली, निदान नाही. दरम्यान आत्या, शेजारीण आणि शाळेतल्या बाई आपापलं निदान सांगून मोकळ्या झालेल्या असतात. त्यातली काही निदानं घरोघरी ऐकू येतात.

“रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे तिला काही झालेलं नाही.”

तपासणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. हिमोग्लोबिन तपासलं तर हिमोग्लोबिन कळतं. शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याआधीच आटू लागलेला असतो आणि तो कळायला फेरिटिन पाहावं लागतं. म्हणून हिमोग्लोबिन 12च्या वर असूनही मुलगी थकलेली असू शकते. मुलग्यांना हा त्रास नसतो, हीही समजूतच. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना अ‍ॅनिमिया आढळला, तसा 31 टक्के मुलग्यांनाही.

आणि जो त्रास उभं राहिल्यावर होतो, तो झोपवून काढलेल्या ईसीजीत कसा दिसणार? पॉट्स नावाचा एक विकार किशोरवयात, विशेषतः मुलींमध्ये, दिसतो. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते आणि वाढलेलीच राहते. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. चक्कर, धडधड, थकवा असा त्रास किमान तीन महिने असावा लागतो. नुसता आकडा वाढला म्हणून पॉट्स ठरत नाही. अ‍ॅनिमिया, थायरॉइड, शरीरातलं पाणी कमी होणं, चालू औषधं ही कारणं आधी तपासायची असतात. पण पहिल्या पाहणीला महागडं यंत्र लागत नाही. काही मिनिटं शांत झोपवून नाडी आणि रक्तदाब मोजायचा, मग उभं करून दहा मिनिटांपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. घड्याळ आणि बीपीचं मशीन पुरतं, कमी पडतो तो ओपीडीतला वेळ. तो मागून घ्या. पॉट्समध्ये मीठ वाढवतात असं ऐकलं, तरी ते स्वतःच्या मनाने वाढवू नका.

“विडाल पॉझिटिव्ह आहे, टायफॉइडच तो.”

विडाल ही 1896 सालातली चाचणी. जुना संसर्ग किंवा घेतलेली लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. ताप टायफॉइडचा वाटत असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करणं जास्त भरवशाचं. महिनोन्‌महिने थकवा आहे आणि तापच नाही, तर विडाल कशासाठी केली, हे विचारायला लाजू नये.

“नाटकं करते, अभ्यास नको म्हणून.”

हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, असं माझं मत आहे. ताणामुळे पोट दुखतं तेव्हा ते खरोखर दुखतं. आजारी मूल घाबरतंही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. ‘काही सापडलं नाही, म्हणून मानसिक’ हे निदान नव्हे. मन खचल्याचीही स्वतःची लक्षणं असतात, ती विचारावी लागतात. त्यासाठी डॉक्टरांनी काही मिनिटं मुलीशी एकटीशी बोलणं गरजेचं असतं. आईने बाहेर थांबावं, रागावू नये.

“वयात येताना असं व्हायचंच.”

थोडंफार होतं. पण दर महिन्याला शाळा बुडावी इतकी पाळी दुखणं, वजन घटणं, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, शौचातून रक्त, हे वयाच्या खात्यावर टाकू नये. खेळताना किंवा धावताना शुद्ध हरपली, किंवा तहान आणि लघवी एकदम वाढून वजन उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुसऱ्या बाबतीत पहिली तपासणी रक्तातल्या साखरेची.

“पंधरा वर्षांच्या मुलीला बालरोगतज्ज्ञाकडे काय न्यायचं?”

अठरापर्यंत न्यायचं. दर वेळी नवा डॉक्टर शोधण्यापेक्षा सगळी फाइल एकाच्या हाती असलेली बरी. सोबत साधी दोनशे पानी वही ठेवा: त्रास किती वाजता झाला, तेव्हा ती उभी होती की बसलेली, आदल्या रात्रीची झोप, पाळीची तारीख, घेतलेली प्रत्येक गोळी आणि काढासुद्धा. पुढच्या भेटीला ती वही न्या, आणि आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं मुलीलाच बोलू द्या.