वंशवेलीचा माग – भाग ५ : कोतवाल बुकातला पणजोबा

गेल्या आठवड्यात आपण तीर्थक्षेत्रांतल्या बह्या पाहिल्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये, हरिद्वारचे पंडे, दक्षिण महाराष्ट्रात बैल घेऊन दारोदार येणारे हेळवी, या सगळ्यांनी यजमानांच्या पिढ्या कशा जपल्या ते वाचलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्यांना तीर्थाच्या पायरीवरच अडवलं जायचं, त्यांची नावं कोणाच्या बहीत असणार? देवळाचं दार उघडावं म्हणून ज्यांना नाशिकला १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला, त्या समाजातल्या तरुणाने आपला खापरपणजोबा कुठे शोधायचा?

उत्तर शोधायला आपण नालवाडीत जाऊ.

आज नालवाडी कुठे संपते आणि वर्धा शहर कुठे सुरू होतं, हे नवख्याला सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत नालवाडीची गणना शहरी वस्तीत झाली आहे. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे इथे राहायला आले तेव्हा मात्र ती वर्ध्यापासून दोनेक मैलांवरची वेगळी, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीची वाडी होती. नुसतं सूत कातून पोट भरता येतं का, हे विनोबांनी इथे स्वतःवर अजमावून पाहिलं. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथे चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावण्याचं काम हलकं नाही, ते शास्त्र आहे, हे त्यांनी हाताने करून दाखवलं. हा इतिहास पुस्तकांत आहे. ज्या वस्तीत हे सगळं घडलं, तिथल्या घरांची नावं मात्र पुस्तकांत शोधून सापडायची नाहीत. ती दुसऱ्याच कागदांवर आहेत, आणि आज त्या कागदांची गरज त्याच घरांतल्या मुलांना पडते आहे.

समजा, नालवाडीतल्या बौद्ध कुटुंबातला एक मुलगा बारावी झाला आहे. त्याला अभियांत्रिकीला जायचंय. जातीचा दाखला आहे, पण प्रवेशासाठी त्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र हवं. अर्जासोबत वंशावळीचं शपथपत्र द्यायचं असतं. आणि अनुसूचित जातीसाठी ठरलेली तारीख आहे १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्या तारखेला आपलं घराणं या प्रदेशात राहत होतं आणि यादीतल्या जातीचं होतं, हे मुलाने दाखवायचं. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलाला पंचाहत्तर वर्षं मागे जायचं आहे. बाप पुरत नाही, बहुतेकदा आजाही पुरत नाही. पणजोबापर्यंत जावं लागतं. आणि पणजोबाचं नाव घरात एकालाच माहीत असतं, म्हाताऱ्या आजीला.

पहिली अडचण कागदाच्या मथळ्यापासूनच येते. १९५० चा कागद हातात पडला की त्यावर ‘मध्य प्रदेश’ छापलेलं दिसतं आणि मुलगा घाबरतो: आम्ही बाहेरचे की काय? घाबरायचं कारण नाही. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्याआधी तो मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घर जागचं हललं नाही, राज्यं बदलत गेली. गावांच्या नावांचंही तसंच. आजचं सेवाग्राम जुन्या कागदांत ‘शेगाव’ म्हणून सापडेल. खुद्द वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसलं.

आता मूळ कागदाकडे येऊ. विदर्भात १९५० पूर्वीचा पुरावा शोधणाऱ्याला जाणकार पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात: ‘कोतवाल बुक पाहिलं का?’

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातल्या गावांत जन्म आणि मृत्यूची वर्दी देण्याचं काम गावच्या कोतवालावर होतं. गावात कोणाकडे पाळणा हलला, कोण गेलं, हे लक्षात ठेवायचं, लिहिता येणाऱ्याकडून वहीत उतरवून घ्यायचं आणि ठरलेल्या दिवशी ती वही पोलीस ठाण्यावर नेऊन द्यायची. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यू असेल तर नाव, वय आणि कारण. कारणाच्या रकान्यात फार शब्द नसतात: ताप, हगवण, पटकी, देवी. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत मध्य प्रांतावर इन्फ्लुएन्झाचा भीषण घाला पडला. त्या वर्षाची वही टिकलेली असेल तर ती जपून उघडावी. एकाच घरातली दोन-तीन नावं एका आठवड्यात संपलेली दिसू शकतात, आणि वंशावळीतली एखादी फांदी तिथेच का तुटली त्याचा उलगडा होतो.

हा कोतवाल कोण होता? वर्धा-नागपूरकडच्या बऱ्याच गावांत तो महार होता. अनुसूचित जातींच्या महाराष्ट्राच्या यादीत आजही ‘महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू’ अशी एकत्र नोंद आहे. त्यातला ‘तराळ’ हा शब्दच मुळात गावकीच्या कामाचा: दवंडी द्यायची, निरोप पोचवायचे, सरकारी माणसाबरोबर चालायचं. गावाच्या हद्दी कोणत्या धुऱ्यावरून जातात हे याच माणसाला ठाऊक असे आणि वादात त्याचीच साक्ष निघे.

हे नीट मनात आणून पाहा. पाटलाच्या नातवाचा जन्म असो की मालगुजाराच्या आईचा मृत्यू, त्याची वही बगलेत घेऊन ठाण्यापर्यंत चालत जाणारा माणूस या समाजाचा होता. बहुतेकदा त्याला स्वतःला अक्षर येत नसे. साऱ्या गावाच्या जन्ममरणाचा पुरावा त्याने आपल्या पायांनी वाहिला, आणि आज त्याच्याच पणतूला सांगितलं जातं, तू कोण आहेस त्याचा पुरावा आण. त्या पणतूचा पुरावा पणजोबाने वाहिलेल्या त्या वहीतच आहे. मला या लेखमालेत सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट सापडलेली नाही.

जुनी कोतवाल बुकं आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेसाठी अर्ज करताना गावाचं नाव आणि अंदाजे वर्षं द्यावी लागतात. वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

एक, बाळाचं नाव बहुधा नसतं. बारशाआधीच वर्दी गेलेली असते, त्यामुळे ‘मुलगा’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमचा आजा तिथे ‘मुलगा’ आहे. ओळख पटते ती त्याच्या बापाच्या नावावरून आणि शाळेतल्या जन्मतारखेशी ताळा घालून.

दोन, आडनाव नसतं. ‘गणपत वल्द तुकाराम’ आणि पुढे जात, एवढीच ओळख. वल्द म्हणजे ‘चा मुलगा’. आडनाव अनेक घरांना पहिल्यांदा शाळेत मिळालं. मास्तरांनी विचारलं, कोणी गावाचं नाव सांगितलं, कोणी कुळाचं. एका भावाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं असंही झालं. म्हणून आडनावावर शोध घेऊ नका, बाप-लेकाच्या जोडीवर घ्या.

तीन, एकाच वस्तीत एकाच नावाची चार माणसं असतात. नुसतं नाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला असं समजू नये. भावंडांच्या नोंदीही जुळल्या पाहिजेत.

चार, अक्षर मोडीतही असू शकतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वानवा साऱ्या राज्याला जाणवली. गावातल्या एक-दोन मुलांनी मोडी शिकून घेतली तर साऱ्या गावाचं काम होईल.

दुसरा कागद शाळेचा. मुख्याध्यापकांच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर. आजा दोन इयत्ता का होईना शिकला असेल, तर तिथे त्याचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि जात एकाच ओळीत मिळते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची अशी एक ओळ मिळाली तर अर्धं काम झालं. आजा शाळेत गेला नसेल तर चुलत आजा गेला होता का, हे विचारा. बापाकडच्या कोणत्याही रक्ताच्या नात्यातला कागद चालतो. वंशावळीत ते नातं दाखवता आलं पाहिजे, एवढंच.

याच रजिस्टरात एक मोठी घटना दिसते. आज्याच्या ओळीत ‘महार’, बापाच्या ओळीत ‘बौद्ध’. मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे. नालवाडीहून नागपूर लांब नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंनी त्यांच्यामागून घेतली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते जेमतेम २,४८७. १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. या आकड्यात नुसती धर्माची बेरीज नाही. यातल्या असंख्य घरांनी गावकीची कामं आणि मेलेलं जनावर ओढणं टाकून दिलं. बारके, लाडवन, बावने, कोसरे हे महारांमधले पोटभेदही मागे पडू लागले.

पण कायदा मागेच राहिला. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा व्हायला १९९० उजाडलं. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना आधीच दिल्या होत्या, केंद्राच्या मिळत नव्हत्या. या चौतीस वर्षांत शाळेत नाव घालताना बाप पेचात पडत असे. स्वाभिमानाने ‘बौद्ध’ लिहायचं, की मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी ‘हिंदू-महार’? म्हणून एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरं दिसतं. आजच्या मुलांनी त्यासाठी आज्या-बापाला दोष देऊ नये. त्यांनी दोन्ही गोष्टी तुमच्यासाठीच केल्या. जो शब्द आज्याने दीक्षाभूमीवर टाकून दिला, तोच शब्द नातवाला दप्तरात शोधावा लागतो, हे दुखतं. ते दुःख मनात ठेवूनच नकलेचा अर्ज भरावा लागतो.

तिसरा कागद जमिनीचा. नागपूर-वर्ध्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजारच गावाचा मालक असे. ती १९५१ मध्ये गेली, आणि १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख तयार झाले. त्याआधीच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाच्या, मिसली (दप्तरं) आहेत. कसणाऱ्या कुळांची नावं तिथे सापडतात. भूमिहीन घराला मात्र इथे फारसं हाती लागत नाही. कोतवालकीबद्दल सेवाजमीन मिळालेली असेल, किंवा गावठाणात घराची नोंद असेल, तर पाहावं. विदर्भातले पुष्कळ महार विणकर होते. गिरण्या आल्यावर हातमाग मोडले आणि माणसं नागपूरला गेली, जिथे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली होती. नालवाडीत नाव लागत नसेल, तर आज्याचा भाऊ गिरणीत होता का हे विचारायला विसरू नका.

एवढी पडताळणी कशासाठी, असा प्रश्न पडतो. खोट्या दाखल्यांवर खऱ्यांच्या जागा जाऊ लागल्या म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला आणि त्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. हेतू बरोबर आहे. पण ज्या समाजाला शतकानुशतकं अक्षरापासून दूर ठेवलं, त्याच्याकडून सर्वांत जुना कागद मागितला जातो. म्हणून जुन्या वह्या सांभाळणं हे शासनाचं नुसतं कारकुनी काम नाही, ते न्यायाचं काम आहे. वाळवी लागलेल्या एका पानाबरोबर एखाद्या मुलाचा प्रवेश जातो. या वह्या गावनिहाय छायाचित्रित होऊन सर्वांना पाहायला खुल्या झाल्या पाहिजेत.

दिलासा एवढा की ही वाट घराण्यातल्या एकाने चाललेली असली की पुढच्यांना सोपी होते. वडील, सख्खा भाऊ, सख्खा काका यांच्यापैकी कोणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर तो मोठा आधार ठरतो. म्हणून वंशावळ एकदाच, सगळ्या चुलत्यांनी एकत्र बसून, नीट करावी.

आणि ती करताना आजीला मधे बसवावं. शपथपत्राच्या वंशावळीत बाप, आजा, पणजा असे पुरुषच ओळीने उतरतात. आजी, पणजी त्यात सहसा नसतात. पण नावं सांगते आजीच. कोणता दीर कोणाच्या पाठचा, कोण कोणत्या साथीत गेला, कोणाच्या लग्नात किती पाऊस होता, हे तिच्याजवळ असतं. तिने सांगितलेला क्रम घेऊन अभिलेख कक्षात गेलात तर वही बोलते. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर मुकी राहते. सरकारी तक्त्यात जागा नसली तरी घरच्या प्रतीत तिचं नाव, तिच्या माहेरचं गाव लिहा.

दाखला मिळाला की नकला फाइलीत जातात आणि शोध थांबतो. तसं होऊ देऊ नका. ज्या पानावर पणजोबाचं नाव आहे त्याच्या मागचंपुढचं पानही वाचा. एखाद्या वहीत वर्दी देणाऱ्याचं नाव किंवा अंगठा दिसेल. तो तुमच्याच वस्तीतल्या कोणाचा तरी पूर्वज असेल. त्याचं नाव उतरवून घ्या आणि त्याच्या घरी नेऊन द्या.

(पुढील भागात : बंदोबस्ताच्या मिसली कशा वाचायच्या – जमाबंदी, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज)